ऑडिओबुक आणि त्यांचे अभिवाचक : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तकं ऐकायला लागून मला दहा वर्षांहून जास्त काळ झाला. सुरुवात दादांमुळे झाली. दादा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर गेली. तेव्हापासून दिवेलागणीला आम्ही दोघं तासभर पुस्तक ऐकतो. हे कळल्यापासून नातेवाईक, शेजारी, त्यांच्या ओळखीचे असे कितीतरी जण मला काही ना काही विचारत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. मतं माझी आहेत; जिथे दादांचं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

१. ऑडिओबुक, अभिवाचन, कथाकथन, हे सगळं एकच ना?

नाही. ऑडिओबुकमध्ये छापील पुस्तक शब्दाला शब्द वाचलेलं असतं. अभिवाचन मुळात रंगमंचावरचं, हातात संहिता घेऊन दोघातिघांनी मिळून केलेलं. कथाकथनात कथा सांगणारा बहुधा तिचा लेखकच असतो. तो समोरच्या लोकांकडे बघून वाक्य वाढवतो, गाळतो, पुन्हा म्हणतो. त्यामुळे कथाकथनाची ध्वनिफीत लावून पुढ्यात पुस्तक उघडलंत तर ओळी जुळणार नाहीत, आणि जुळाव्यात अशी अपेक्षाही नको. वाचणाऱ्यासाठी मात्र मी पुढे सगळीकडे 'अभिवाचक' हाच शब्द वापरते, कारण मराठीत तोच रुळला आहे.

२. पुस्तक ऐकलं तर 'वाचलं' असं म्हणता येतं का?

येतं. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, शके १२१२ मध्ये, आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्या ग्रंथात जागोजागी श्रोत्यांना हाक मारलेली आहे. नंतरची कित्येक शतकं अक्षरओळख नसलेल्या माणसांनी पारायणाला बसून तो ग्रंथ ऐकला आणि ओव्याच्या ओव्या पाठ केल्या. त्यांना ज्ञानेश्वरी ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल?

अपवाद आहेत. आकडे, तक्ते, नकाशे किंवा भरपूर तळटिपा असलेलं पुस्तक ऐकून हाती लागत नाही. तळटीप मध्येच वाचली तर वाक्य तुटतं, प्रकरणाच्या शेवटी वाचली तर ती कशाबद्दल होती ते आठवत नाही. असं पुस्तक छापीलच घ्यावं.

३. कधीच काही ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

पु. ल. देशपांड्यांनी स्वतः सांगितलेली 'म्हैस'. हे उत्तर मी इतक्या जणांना दिलं आहे की आता विचार करावा लागत नाही. तरी ते का, हे सांगते.

कोकणातल्या रस्त्यावर एसटी म्हशीला धडकते, एवढीच गोष्ट. गाडीत ड्रायव्हर, कंडक्टर, मास्तर, पुढारी बाबासाहेब मोरे, मधु मलुष्टे, झंप्या दामले, आणि खाली म्हशीचा मालक धर्मा मांडवकर. एवढी माणसं एका गळ्यातून येतात, पण नीट ऐका: पु. ल. आवाज फारसा बदलतच नाहीत. बदलते ती बोलण्याची चाल. कुणी वाक्याच्या शेवटी रेंगाळतो, कुणी पहिलाच शब्द फेकून देतो, कुणी दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आधी सुरू होतो. कोण बोलतंय ते आपल्याला लगेच कळतं आणि 'हा म्हणाला, तो म्हणाला' याची गरज उरत नाही. बारीक आवाज काढला की बाई आणि घोगरा काढला की खलनायक, असं समजणाऱ्या प्रत्येक अभिवाचकाने हे एकदा मन लावून ऐकावं.

त्यानंतर 'रावसाहेब' ऐका. बेळगावचं कानडी वळणाचं मराठी, त्यातला लिंगांचा घोळ, आणि त्या घोळाआडचा मोठ्या मनाचा माणूस. पु. लं.नी त्या बोलण्याची नुसती नक्कल केली असती तर आपण फक्त हसलो असतो. शेवटाकडे आवाज जड होतो, तो त्या माणसावरच्या प्रेमामुळे. मग 'अंतू बर्वा'. तो रात्री, शांतपणे, एकट्याने.

४. पु. लं.च्या तोडीचं आणखी कोण?

द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर. हे तिघं मिळून गावोगाव कथाकथनाला जात. दादांनी ते प्रत्यक्ष ऐकलं आहे, आणि त्यांच्या मते तिघांत मिरासदार सर्वांत अवघड काम करत: हसवायचं आणि स्वतः अजिबात हसायचं नाही. 'माझ्या बापाची पेंड' ऐकताना मला ते पटतं. शाळेतला मुलगा जितक्या गंभीरपणे संकट सांगेल तितक्याच गंभीरपणे ते सांगतात.

शंकर पाटलांची 'धिंड' ऐकायची ती कोल्हापूरकडच्या बोलीसाठी. त्यात स्वर लांबवण्याची जी लकब आहे ती कागदावर दाखवताच येत नाही. मी 'धिंड' आधी वाचली होती आणि आवडलीही होती. ऐकल्यावर कळलं की मी ती पुणेरी उच्चारात वाचली होती.

व. पु. काळे हा वेगळा बाज. शहरातला नोकरदार माणूस, चाळ, ब्लॉक, नवरा-बायको. ते समोर बसून गप्पा मारल्यासारखे बोलतात, आणि ज्यांना वाचायची सवय नाही अशा माणसांना त्यांच्यामुळे गोडी लागलेली मी पाहिली आहे. माझी तक्रार एवढीच, की टाळी मिळेल असं वाक्य आलं की ते त्यावर जरा जास्त वेळ थांबतात. एका बैठकीत एकच कथा ऐका, म्हणजे ते खटकत नाही.

हे सगळं घराघरांत पोचलं ते कॅसेटमुळे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, नव्वदच्या कॅसेटची पंचेचाळीसची. सांगणाऱ्याला त्या मापात बसावं लागे, आणि त्यामुळे त्यातल्या बऱ्याच कथा घट्ट विणीच्या वाटतात.

५. अभिवाचक चांगला आहे की नाही हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

बहुतेक ठिकाणी नमुना ऐकायला मिळतो. त्यात भांडण, मरण, प्रेमाची कबुली असं काही असेल तर त्यावरून मत बनवू नका. भांडण कुणालाही वाचता येतं. साधं वाक्य शोधा. समजा असं वाक्य आहे:

आई ओट्याशी गेली, डबा उघडला, पाहिला आणि परत लावून ठेवला.

कच्चा अभिवाचक 'परत लावून ठेवला' वर आवाज भरून आणतो. डबा रिकामा आहे हे त्याला आपल्याला सांगायचं असतं. पण लेखकाने 'रिकामा' हा शब्द मुद्दामच लिहिलेला नाही! दुसरा तेच वाक्य किराण्याच्या यादीसारखं एका दमात म्हणून टाकतो. तयारीचा अभिवाचक 'पाहिला' नंतर अगदी थोडा थांबतो, श्वास घेण्याइतकाही नाही, आणि पुढचे शब्द आहेत तसे ठेवतो. डबा आपण आपल्या डोळ्यांनी बघतो.

दुसरी खूण श्वासाची. वाक्य लांब असेल आणि श्वास भलत्या ठिकाणी तुटत असेल, तर त्याने ते आधी वाचून ठेवलेलं नाही. तिसरी खूण, 'तो म्हणाला'. हे दोन शब्द संवादाच्या सुरात वाहून गेले तर पुढचे बारा तास तसेच जाणार.

मी गेली काही वर्षं फक्त या तीन गोष्टी बघते आणि फार क्वचित फसते.

६. उच्चारांबद्दल तुम्ही फार काटेकोर आहात का?

हो, आणि त्याचं कारण लिपीतच आहे. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते वेगळे दाखवत नाहीत. 'जरा थांब' मधला ज वेगळा, 'जरा आणि मरण' मधला वेगळा. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ एक नाही. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाण्याचं भांडं, दोन्ही लिहायचे सारखे, बोलायचे निराळे. कागदावर वाचताना हे आपोआप होतं. ऐकताना ज चुकला की क्षणभर भलताच अर्थ डोक्यात येतो, आणि तो निस्तरेपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

'ज्ञान' ला 'ग्यान' म्हणणं हा दुसरा प्रकार. ती हिंदीची सवय. मराठीत तिथे 'द्न्य' ऐकू यायला हवा. ळ चा ल झाला की तर मन उडतंच.

दादांची पद्धत अशी: चूक आली की ते तर्जनी वर करतात. मी फोन थांबवते. ते तो शब्द बरोबर म्हणतात, मग पुन्हा सुरू. एका कादंबरीला पहिल्या प्रकरणात सतरा वेळा बोट वर झालं. ती आम्ही सोडून दिली आणि नंतर मीच त्यांना वाचून दाखवली.

७. बोलीतलं पुस्तक प्रमाण उच्चारात वाचलं तर चालतं का?

चालत नाही, पण खोट्या बोलीत वाचलेलं त्याहून वाईट.

आधी पहिल्या भागाबद्दल. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या मुळात तोंडी. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या म्हणत गेल्या, मुलाने सोपानदेवांनी आणि नात्यातल्यांनी त्या टिपून ठेवल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तक आलं. त्या खानदेशी बोलीत ळ चा य होतो, डोळ्याचा 'डोया' होतो. हे वळण पुसून कुणी त्या कविता आकाशवाणीवरच्या बातम्यांसारख्या शुद्ध वाचल्या तर ताल जातो, आणि ती बाईही जाते.

आता दुसरा भाग. 'गावाकडचं मराठी' म्हणून एक सरसकट हेल तयार झाला आहे. तो कुठल्याच गावाचा नाही. 'काय करतोस' हे कोल्हापुरात 'काय करायलास' होतं, वऱ्हाडात 'काय करून राह्यला', मालवणात 'काय करतंस'. या तिन्हींना एकाच आवाजात, नाकातून, हात नाचवल्यासारखं वाचलेलं मी ऐकलं आहे. त्या त्या गावच्या माणसाला ते थट्टा केल्यासारखं लागतं. बोली अंगातली नसेल तर लेखकाने लिहिलंय तेवढंच, आपल्या साध्या सुरात वाचावं. शब्द आपलं काम करतात. सर्वांत उत्तम म्हणजे त्या भागातलाच अभिवाचक शोधावा. नागपूर, जळगाव, सावंतवाडी, लातूर इथे नाटकातली चांगली माणसं आहेत.

८. दलित आत्मकथनं ऐकण्यासारखी आहेत का? त्यातल्या शिव्यांचं काय?

ऐकण्यासारखी आहेत, आणि माझ्या मते अभिवाचकाची खरी परीक्षा तिथेच होते.

'बलुतं' (१९७८) घ्या. त्याची बांधणीच दोन आवाजांची आहे. दगडू मारुती पवार नावाचा माणूस दया पवारांना आपली गोष्ट सांगतो, आणि हे दोघं एकच आहेत. एक गावकुसाबाहेरचा, मुंबईच्या कावाखाना नावाच्या वस्तीतला. दुसरा शिकलेला, नोकरीतला, लिहिणारा. छापील पानावर आपण हे समजून घेतो. कानाने ऐकताना ते आवाजातून कळायला हवं. दोघांना दोन निराळे आवाज दिले तर ती दोन माणसं होतील आणि पुस्तकच मोडेल. माझ्या मनातलं वाचन असं आहे: आवाज एकच, पण सांगणारा दगडू थोडा घाईत, आणि ऐकणारा दया पवार बोलतो तेव्हा वाक्याआधी किंचित उशीर. एवढा फरक पुरे आहे.

दुसरी गोष्ट. हे लिखाण रडत रडत वाचू नये. लेखक कुठेही दया मागत नाही. भूक, मार, अपमान तो जसा घडला तसा सांगतो. अभिवाचकाने त्यावर कारुण्य ओतलं की ऐकणारा सुटतो, कारण मग त्याला नुसतं हळहळून भागतं. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'लाही हेच लागू आहे.

शिव्या गाळू नयेत, त्यांवर 'टूं' आवाज तर मुळीच टाकू नये. घरात सगळे एकत्र ऐकत असाल तर आधी सांगा की भाषा अशी आहे. दादांसमोर ऐकताना मला सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, "ज्याने भोगलं त्याला बोलू दे."

९. प्रसिद्ध नटाचा आवाज असेल तर पुस्तक घ्यावं का?

फक्त तेवढ्यासाठी नको. रंगमंचावरचा नट शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून बोलतो. ऑडिओबुकचा माइक तोंडापासून वीतभर असतो आणि ऐकणाऱ्याच्या तर कानातच आवाज असतो. ज्याला हा फरक कळला तो नट अप्रतिम वाचतो. ज्याला कळला नाही त्याचं बारा तास ऐकून डोकं दुखतं.

शिवाय दमाचा प्रश्न आहे. बारा तासांचं पुस्तक एका दिवसात होत नाही, पाच-सहा दिवस स्टुडिओत बसावं लागतं. पहिल्या दिवशीचा आवाज आणि पाचव्या दिवशीचा आवाज सारखा ठेवणं हे वेगळं कसब आहे. मी काही पुस्तकांत नेमक्या कुठल्या प्रकरणाला दिवस बदलला ते सांगू शकते. ज्यांचं नाव कुणाला माहीत नाही पण ज्यांनी वीस-पंचवीस पुस्तकं वाचली आहेत, त्यांच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

१०. मग लेखकाने स्वतःच वाचलेलं सर्वांत चांगलं असणार?

आत्मचरित्र असेल तर बहुधा हो. दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर नोआने आपलं 'बॉर्न अ क्राइम' (२०१६) स्वतः वाचलं आहे. लहानपणी वेगवेगळ्या भाषा बोलून आपण कसे वाचलो, हे त्या पुस्तकाचं एक मुख्य सूत्र. तो त्या त्या भाषेतली वाक्यं खऱ्या उच्चारात म्हणतो आणि आईचं बोलणं तिच्या सुरात. ते पुस्तक मी वाचण्यापेक्षा ऐकायलाच सांगते. मिशेल ओबामांचं 'बिकमिंग' देखील तसंच, जरी ते सावकाश जातं.

कादंबरीला मात्र मी लेखकाचा आग्रह धरणार नाही. लेखकाला वाक्य पाठ असतं, म्हणून तो ते भराभर म्हणतो. पु. ल. हा अपवाद, पण ते लेखक होते तितकेच नटही होते (प्रश्न ३ पाहा).

११. पार्श्वसंगीत आणि अनेकांचे आवाज असलेलं घ्यावं की एकाच आवाजातलं?

पार्श्वसंगीताला माझा विरोध आहे. दादा श्रवणयंत्र लावतात. त्यात बासरी आणि माणसाचा आवाज एकत्र आले की शब्द चिखलात रुतल्यासारखे होतात. प्रकरणाच्या सुरुवातीला दहा सेकंद सूर असायला हरकत नाही, शब्दांखाली नको. पाऊस पडतोय असं लेखकाने लिहिलं असेल तर पावसाचा आवाज कशाला?

अनेक आवाजांचं पुस्तकावर अवलंबून आहे. नाटकाला हवेतच. जॉर्ज सॉन्डर्सच्या 'लिंकन इन द बार्डो' (२०१७) या कादंबरीच्या ऑडिओबुकमध्ये १६६ जणांनी आवाज दिले, आणि तिथे ते योग्य आहे, कारण ती कादंबरीच स्मशानातल्या असंख्य मृतात्म्यांच्या बोलण्याने बनलेली आहे. साध्या कौटुंबिक कादंबरीत मात्र निवेदनाला एक, नायकाला एक, नायिकेला एक असे आवाज आले की मला आकाशवाणीची श्रुतिका आणि पुस्तक यांच्या मध्येच कुठेतरी अडकल्यासारखं होतं.

१२. इंग्रजी पुस्तकं ऐकायची आहेत, पण उच्चार कळत नाहीत. काय करू?

आधी वाचलेलं पुस्तक घ्या. गोष्ट माहीत असली की कान फक्त उच्चारांकडे लागतो आणि आठवड्याभरात बसतो. घरात मुलं असतील तर हॅरी पॉटर सोयीचं. सातही पुस्तकं ब्रिटिश आवृत्तीसाठी स्टीफन फ्रायने आणि अमेरिकन आवृत्तीसाठी जिम डेलने वाचली आहेत. डेल प्रत्येक पात्राला ठसठशीत रंग देतो, मुलांना ते आवडतं. फ्राय घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने गोष्ट सांगावी तसा वाचतो. मला फ्राय जवळचा वाटतो, कारण रात्री उशिरा तो थकवत नाही.

थोडं पुढे गेल्यावर ज्युलिएट स्टीव्हन्सनने वाचलेलं 'मिडलमार्च' ऐका. सुमारे पस्तीस तासांचं आहे. जॉर्ज एलियटची लांबच लांब वाक्यं ती अशी सोडवते की कुठलं उपवाक्य कुठल्याला जोडलंय ते कानाला कळतं. ते पुस्तक छापील रूपात मी दोनदा अर्ध्यावर सोडलं होतं.

१३. मालिकेत मध्येच अभिवाचक बदलला तर?

त्रास होतोच. 'गेम ऑफ थ्रोन्स' ज्या मालिकेतलं पहिलं पुस्तक आहे ती रॉय डॉट्रीसने वाचली. पहिल्याच पुस्तकात त्याने २२४ पात्रांना आवाज दिले आणि त्याचा गिनेस विक्रम झाला. चौथं पुस्तक आधी दुसऱ्याच्या आवाजात आलं, नंतर डॉट्रीसने पुन्हा केलं. पण तोच माणूस असूनही पुढच्या पुस्तकांत काही पात्रांचे आवाज आणि नावांचे उच्चार बदललेले आहेत. म्हणजे माणूस तोच ठेवून भागत नाही. पात्राचा आवाज आणि नावाचा उच्चार कुठेतरी टिपून ठेवावा लागतो. मराठीत कादंबरीमालिका करणाऱ्यांनी ही वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

१४. वेग वाढवून ऐकलं तर बिघडलं कुठे?

माहितीपर पुस्तक सव्वापट ऐका, हरकत नाही. कथा-कादंबरी आहे त्याच वेगाने. प्रश्न ५ मधला 'पाहिला' नंतरचा थांबा दीडपट वेगात उरतच नाही, आणि मग अभिवाचकाने कष्ट कशाला घेतले? अभिवाचक फारच संथ असेल तर थोडा वेग वाढवण्यापेक्षा मी दुसरं पुस्तक घेते.

१५. कुठल्या अॅपवर ऐकता?

मराठीसाठी मुख्यतः स्टोरीटेल. ती मूळ स्वीडनची कंपनी, भारतात २०१७ मध्ये आली आणि सुरुवातीपासून मराठी ठेवलं. इंग्रजीसाठी ऑडिबल, ते इथे २०१८ मध्ये आलं. वर्गणी आणि खरेदी यातला फरक आधी समजून घ्या: वर्गणीवर ऐकलेलं पुस्तक वर्गणी थांबली की जातं, विकत घेतलेलं आपल्या खात्यावर राहतं. पुन्हा पुन्हा ऐकणार असाल तर याला महत्त्व आहे.

१६. यूट्यूबवर पुस्तकं फुकट मिळतात. ऐकावीत का?

कुणी चढवली आहेत ते बघा. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. ह. ना. आपटे, राम गणेश गडकरी, लक्ष्मीबाई टिळक यांचंही खुलं आहे. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं २०३७ पर्यंत नाही, पु. लं.चं २०६१ पर्यंत नाही.

इथे एक मेख आहे. लेखन खुलं झालं तरी कुणी केलेलं ध्वनिमुद्रण खुलं होत नाही, त्याचा हक्क वेगळा असतो. अनुवादाचाही वेगळा. म्हणजे 'श्यामची आई' तुम्ही स्वतः वाचून चढवू शकता, दुसऱ्याने वाचलेली उचलून नाही. जिवंत लेखकाचं अख्खं पुस्तक कुणी परवानगीशिवाय वाचून टाकलं असेल तर मी ते ऐकत नाही. मराठीत लेखकाच्या हाती आधीच थोडं पडतं.

१७. आमच्या घरी दृष्टिहीन व्यक्ती आहे. त्यांच्यासाठी काही वेगळी सोय आहे का?

आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात, छापील मजकूर वाचता न येणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची वाचता किंवा ऐकता येईल अशी प्रत करायला सूट आहे. २०१६ मध्ये सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय याच कामासाठी आहे. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे बोलक्या पुस्तकांचं काम अनेक वर्षं चालू आहे. तिथे नोंदणी करा.

नेहमीच्या अॅपबद्दल एक सूचना. घेण्याआधी फोनचा स्क्रीन वाचणारा आवाज चालू करून बघा. एका अॅपमध्ये थांबवायच्या बटणाला नावच दिलेलं नव्हतं, दादांना नुसतं 'बटण, बटण' ऐकू यायचं. मी तीन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, आम्ही ते सोडलं.

१८. आता संगणकाचा आवाजही मराठी वाचतो. मग माणसाची गरज काय?

वर्तमानपत्र, पत्र, औषधाची माहिती यांसाठी दादा तो आवाज रोज वापरतात आणि त्यांच्यासाठी ते मोठं स्वातंत्र्य आहे. मला विचारायची गरज पडत नाही, हे त्यांना फार मोलाचं वाटतं. साहित्यासाठी मात्र तो अजून पुरत नाही. प्रश्न ६ मधले च आणि ज तिथे वारंवार चुकतात, आणि वाक्यात काय लिहिलेलं नाही हे त्याला कळत नाही. कुठलीही प्रत मिळत नसेल तर तो आवाज घ्या, काहीच न ऐकण्यापेक्षा चांगला. पण विकायच्या पुस्तकावर 'संगणकीय आवाज' असं स्पष्ट छापायला हवं.

१९. मुलांसाठी काय?

'श्यामची आई'. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेलं हे पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच रचलेलं आहे: आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. तसंच ऐका, रोज एक. अभिवाचक निवडताना एकच बघा, तो स्वतः रडत नाही ना. श्यामचा गळा दाटला तर चालेल, अभिवाचकाचा नको. मुलांना एकटं हेडफोन लावून बसवू नका. मध्येच "सोवळं म्हणजे काय?" असं विचारायला कुणीतरी शेजारी हवं.

२०. ऐकताना लक्ष उडतं किंवा झोप लागते.

हाताला काम द्या: भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या. मेंदूला काम नको, म्हणजे फोन चाळत ऐकू नका. झोपताना ऐकत असाल तर पंधरा मिनिटांचा टायमर लावा आणि सकाळी तिथूनच मागे जा.

२१. न आवडलेल्या अभिवाचकांची नावं का सांगत नाही?

कारण मराठीत हे काम करणारे थोडे आहेत आणि बरेच जण अजून शिकत आहेत. पहिलं पुस्तक घाईत करून घेतलेल्या एका मुलीचं तिसरं पुस्तक मी ऐकलं. ओळखू येऊ नये इतकी ती सुधारली होती. पहिल्याच वेळी मी तिचं नाव लिहिलं असतं तर ते तिथेच राहिलं असतं. चूक दिसली तर प्रकरण, मिनिट आणि शब्द लिहून प्रकाशकाला कळवा.

२२. मला माझ्या आईसाठी घरीच पुस्तक वाचून रेकॉर्ड करायचं आहे. कसं करू?

जरूर करा. साधा फोन पुरतो. गोधड्या-रजया ठेवलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, आवाज घुमत नाही. पंखा आणि फ्रिज बंद. फोन तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' ची फुंकर लागत नाही. प्रकरण आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून ठेवा आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने रेघ मारा. चुकलात तर पूर्ण वाक्य पुन्हा वाचा, अर्ध्यातून जोडू नका. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं पुरे, पुढे आवाज बसतो.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकरणाचा आकडा बोला. ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याला फाइलचं नाव उपयोगाचं नसतं. आणि शेवटी 'प्रकरण संपलं' असं म्हणायला विसरू नका. मी सुरुवातीला म्हणत नसे. बऱ्याच महिन्यांनी दादांनी सांगितलं की दर वेळी शांत झालं की ते वाट बघत बसायचे, प्रकरण संपलंय की मी पुढचं पान उलटतेय हे कळत नाही म्हणून.